ताई, तुझा जबाब आणि माझा

ताई, आधी निर्मलामावशीचं नाव घेतो, मग बाकीचं.

अकोल्याच्या दवाखान्यात जळीत वार्डात ड्रेसिंगच्या वेळी मदतीला असणारी ती ठेंगणी बाई. तू "ओ मावशी" म्हटलंस की वार्डाच्या कुठल्याही टोकाहून "आली वं माय, आली" म्हणायची, आणि खरंच यायची. गावात सगळे म्हणतात, रवीनं बहिणीची लय सेवा केली, बारा दिवस हलला नाही. मी ऐकून घेतो. खरं असं आहे, की सकाळी दहाला ड्रेसिंगची ट्रॉली दाराशी खडखडली की मी निघून जात होतो. पहिल्या दिवशी थांबलो होतो. जुनी पट्टी पाण्यानं भिजवून सोडवताना तू जो आवाज काढलास, तो माझ्या बहिणीचा आहे हे मला कळलंच नाही. मी मागं वळून दुसऱ्या खाटेकडं पाहिलं. त्यानंतर रोज दहाला मी गेटाबाहेरच्या चहाच्या टपरीवर बसायचो, आणि इकडं तुझं डोकं दोन्ही हातांत धरून मावशी उभी असायची. मी परत आलो की म्हणायची, "ये भाऊ, झालं. वाघीन हाये तुही बहीन." माझं पळणं तिनं तुझ्यापासून लपवलं, डॉक्टरांपासून लपवलं, आपल्या थोरल्या काकांपासून, मोठेबाबांपासून लपवलं. "मीच धाडलं त्याले औषध आनाले," असं सांगायची.

म्हणून पहिलं नाव तिचं. आता जे झालं ते लिहितो. तू असतीस तर लिहू दिलं नसतंस.

राखीला आलो होतो मी. हैदराबादहून गाडी, अकोल्याला उतरून बाळापूरची बस, पुढं ऑटो. तू दारातूनच म्हणालीस, "काय रे रव्या, हाडं उरले नुसते. तिकडं भात देतेत का भाताचं पानी?" तुझी आरू माझ्या बॅगेत हात घालून बसली. दुसऱ्या दिवशी मी भाऊजींबरोबर वावरात गेलो, कपाशीवर फवारणी होती. पेट्रोलवर चालणारा पंप भाऊजींनी नवा घेतलेला, त्याच्यासाठी पेट्रोल एका कॅनमधून आणलं होतं. कॅन शेजाऱ्याची. संध्याकाळी भाऊजी म्हणाले, "रवी, कॅन रिकामी करून देऊन ये त्यायची." तळाशी थोडं पेट्रोल उरलं होतं. कशात ओतावं म्हणून मी इकडं तिकडं पाहिलं. छपरीत पाण्याच्या चुलीजवळ कोनाड्यात राकेलची बाटली उभी होती.

रेशनचं राकेल बंद होऊन किती दिवस झाले. पण ती बाटली आपल्याकडं अजून प्रत्येक घरी आहे. चुलीजवळ, कोनाड्यात, बुचाला चिंधी गुंडाळलेली. स्वयंपाक गॅसवर गेला, पण आंघोळीचं पाणी अजून पऱ्हाटीवरच, कपाशीच्या वाळल्या काड्यांवरच तापतं, आणि ओली पऱ्हाटी पेटवायला काहीतरी लागतंच. कोणी डिझेल घालतं, कोणाला कुठून तरी काळ्या बाजारातलं राकेल मिळतं. मी त्या बाटलीत पेट्रोल ओतलं, बूच लावलं, बाटली कोनाड्यात परत ठेवली. तेवढ्यात आरूनं बाहेरून हाक मारली, मामा लवकर ये, बैलानं दोरी तोडली. मी गेलो.

"ताई, त्या बाटलीत पेट्रोल हाये." पाच शब्द. मी इथं खोलीवर बसून ते किती वेळा मोठ्यानं म्हटले असतील. माझ्यासोबत राहणारे दोघं तेलंगणाचे आहेत, त्यांना वाटतं मी फोनवर बोलतोय.

दोन दिवसांनी मी परत निघालो. पोळ्याच्या आदल्या दिवशी भाऊजींच्या भावाचा फोन आला. "तुही ताई भाजली थोडीशी," म्हणाले. आपल्याकडं थोडीशी म्हणाले की समजायचं.

त्या दिवशीचं मला काही तू सांगितलंस, काही आरूनं. खांदशेकणी होती. बैलांचे खांदे शेकायला पाणी तापवायचं होतं. तीन दिवस पावसाची झड लागलेली, पऱ्हाटी आतपर्यंत ओली. तू फुंकून फुंकून दमलीस, डोळ्यांतून पाणी, चुलीत नुसता धूर आणि राखेखाली निखारा. बाटली घेतलीस. मी तुला वार्डात विचारलं होतं, ताई, वास आला नाही का? तू म्हणालीस, "वास तं आला रे. मले वाटलं, राकेल काय न पेट्रोल काय, जळतेच ना." किती साधं बोललीस. आपल्या गावात अर्धे लोक हेच म्हणतील. राकेल चुलीवर पडून मग पेटतं. पेट्रोलला तेवढाही धीर नसतो. तू म्हणालीस, "जाळ धारेवरून वर आला. माह्याकडं पाहूनच आला." हातात बाटली, अंगावर नायलॉनचा गाऊन.

भाऊजी गोठ्यातून धावले. ओलं पोतं नव्हतं, हातानंच विझवलं त्यांनी, कोपरापर्यंत भाजले. मग पाण्याची बादली उचलली, आणि तुझ्या सासूबाई ओरडल्या, शेजारच्या बायका ओरडल्या, "पानी नोका टाकू, फोड येतीन! पानी नोका टाकू!" भाऊजी बादली हातात घेऊन उभे राहिले. कोणी टूथपेस्ट आणली, कोणी हळद, आणि कोणीतरी जाड गोधडीत गुंडाळलं तुला. नंतर दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, साधं नळाचं पाणी ओतत राहिले असते पंधरा-वीस मिनिटं, तरी जखम इतकी आत गेली नसती. हे भाऊजींना कोणी सांगितलं नव्हतं. कोणी कोणालाच सांगितलेलं नसतं. आरूनं मला फोनवर विचारलं, "मामा, आईले पानी काहून नाही टाकलं?" तिसरीतल्या पोरीला काय सांगायचं? सासूबाईंनी काही वाईट मनात आणून म्हटलं नव्हतं. त्यांना तेवढंच माहीत होतं.

मी पोचलो तेव्हा तू लोखंडी पिंजऱ्याखाली होतीस, पांढऱ्या मलमानं माखलेली, वर चादर टाकलेली, ती अंगाला लागू नये म्हणून पिंजरा. चेहरा वाचला होता. मला पाहून म्हणालीस, "आला का? जेवला का?" मला इतकं बरं वाटलं ताई. वाटलं, जी बाई जेवला का विचारते ती मरत नसते. बाहेर येऊन मी मावशीला तसं म्हणालोही. ती पट्ट्यांची बादली घेऊन चालली होती. थांबली.

"भाऊ, एक सांगतो, रागावू नोको. जळलेलं मानूस पहिले चार दिवस लय मस्त बोलते. त्याले धरून चालू नोको."

मला राग आला होता तेव्हा. वाटलं, काय अशुभ बाई आहे.

पण वार्ड कळायला लागला तसं तिचं बोलणं कळायला लागलं. तुझ्या समोरच्या खाटेवर पातूरकडचं एक लेकरू होतं, उकळत्या पाण्याच्या पातेल्यात पाय घातलेलं. त्याच्या मांडीची कातडी काढून पायाला लावली, आणि ते नवव्या दिवशी मुरमुरे खात आईच्या कडेवर घरी गेलं. कोपऱ्यात एक तरुण होता, विहिरीवरच्या मोटारीची वायर जोडताना शॉक लागलेला. बाहेरून नुसता पंजा काळा दिसत होता, मावशी म्हणाली, "करंट आतून शिजवते," आणि तसंच झालं, हात दंडापासून काढावा लागला. एक म्हातारी होती, दिव्याला पदर लागला म्हणत होते. बाकी बाया. चार-पाच होत्या, येत होत्या, जात होत्या. मी एकदा मावशीला विचारलं, या कशा भाजल्या? ती म्हणाली, "चहा करता करता." सगळ्याच? "सगळ्याच. किती वर्सं झाले मले इथं, जी बाई येते थे चहा करता करताच येते. येवढा चहा पेते कोन भाऊ?"

तू खाटेवरून ऐकत होतीस. हसलीस. "मावशी, माहं लिवून ठेवा. मी बैलाच्या पान्यापायी आली. चहाचं नाव नोका लावू मले."

मावशीही हसली, मग तुझ्याकडं पाहतच राहिली. खरं सांगणारी बाई तिनं फार दिवसांनी पाहिली असेल.

आणि तूच तिसऱ्या दिवशी खोटा जबाब दिलास.

त्याआधी तू मला विचारलं होतंस. आठवतं? मी तुला चमच्यानं अंड्याचं पांढरं खाऊ घालत होतो. डॉक्टरांनी रोज सहा अंडी सांगितली होती, जखमेतून अंगातलं सत्व गळून जातं म्हणून. तू म्हणत होतीस, "कोंबडीवाल्याशी लगन लावून द्या लागत होतं माहं." दोन चमचे झाले, आणि मध्येच, अगदी हळू: "रव्या, त्या दिवशी कॅन कोनी रिकामी केली रे?"

चमचा माझ्या हातात तसाच राहिला. मी मान डोलावली, मीच म्हणून. तू तोंड उघडलंस, पुढचा घास घेतलास. बस एवढंच.

तहसीलचे साहेब जबाब घ्यायला आले, डॉक्टरीणबाईंनी शुद्धीवर आहे असं लिहून दिलं, आम्हा सगळ्यांना बाहेर काढलं. आत यायला दिलं तेव्हा तू थकून डोळे मिटले होतेस.

"काय सांगितलं ताई?"

"जे झालं थे. राकेल संपलं होतं. मीच गाडीतलं पेट्रोल काढून बाटलीत भरून ठेवलं होतं. चूक माही. कोनावर संशय नाही." शाळेतली कविता पाठ म्हणावी तसं.

"पन थे तं मी..."

"गप."

"मी भाऊजीले सांगतो."

"सांगशीन तं मले मेलेली पाहाशीन." मग स्वतःच म्हणालीस, "तशी बी पाहाशीनच म्हना."

मी रडायला लागलो तशी तू चिडलीस. "आयक आधी. मी राह्यली तं मीच सांगीन त्यायले, आन तुले झाडीन बी. नाही राह्यली तं माह्या पोरीले माहेरचं कोन हाये? बाबा गेले. माय आज हाये, उद्या नाही. तू एकटा. त्यायले समजलं तं थे तुले दारात उभे करतीन का? पोट्टीले मामा पाहिजे. तुले माही आन हाये."

मी डोळे पुसत बाहेर आलो. तू तोच होकार धरलास. तो आपला शेवटचा झगडा, आणि तो तूच जिंकलास, कारण मी समोर उभाच राहिलो नाही. पळालो. दहा वाजता पळायचो तसाच.

चौथ्या दिवशी तू विचारलंस, "बाहेरून दहावी द्याचा सतरा नंबरचा फार्म भरला का?" आठवीत मी शाळा सोडली तेव्हापासून तू ते विचारत आलीस. मी म्हणालो, भरला. तेही खोटं होतं. त्या वार्डात आपण दोघं बहीणभाऊ एकमेकांना बरं वाटावं म्हणून नुसतं खोटं बोलत होतो.

पाचव्या दिवसापासून तू कमी बोलायला लागलीस. सहाव्या दिवशी थंडी वाजायला लागली, भर दुपारी, पंखा बंद. लघवीच्या पिशवीत पाणी कमी कमी होत गेलं, रंग गडद होत गेला. मी ती पिशवी तासातासाला पाहायचो. कोणी डॉक्टर काही बोलण्याआधी ती पिशवी मला सांगायची. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, जंतू रक्तात उतरलेत. औषध बदललं. मावशी पट्टी काढून बाहेर आली की पूर्वी माझ्याकडं पाहायची. आता खाली पाहून जायला लागली.

आणि बाहेर पायऱ्यांवर दुसरंच काही शिजत होतं. मोठेबाबा चांदूर बाजारकडच्या आपल्या चार माणसांना घेऊन आले होते. भाऊजी तिथंच भिंतीला टेकून बसलेले, दोन्ही हात कोपरापर्यंत पट्टीत. आणि मोठेबाबा त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणत, "हात काहून जळले त्याचे? इझवताना जळले म्हनते. जाळताना बी जळतेतच ना."

एक जण म्हणाला, "पोरगी मरताना नवऱ्यालेच वाचवते. सगळ्यायचेच जबाब तसे असतेत."

"पोरगी गेली का मी सोडत नाही त्याले," मोठेबाबा म्हणाले. बाप गेल्यावर त्यांनीच तुझं कन्यादान केलं होतं. त्यांचंही काळीज जळत होतं, हे मी समजतो. पण त्या पायरीवर मला एकट्याला माहीत होतं की हा माणूस निर्दोष आहे. मी डबा उघडायचो, पोळी मोडायचो, भाजीत बुडवून घास भाऊजींच्या तोंडात द्यायचो, कारण त्यांना स्वतःच्या हातानं खाता येत नव्हतं. ते खाली पाहून चावायचे. मी दुसरा घास करायचो. रोज दोन वेळा. एका बाजूला मोठेबाबा बोलतायत, मी घास भरवतोय, आणि मी तुझी आण पाळतोय.

बाराव्या दिवशी दुपारी, जेवणाचे डबे आत जात होते तेव्हा तू गेलीस. मी गेटावर होतो. दहा केव्हाच वाजून गेले होते, पळायचं कारण नव्हतं, तरी मी गेटावर होतो. मावशीनं येऊन नुसता हात धरला.

नंतर दवाखान्यामागच्या धुण्याच्या ओट्यावर मी तिला सगळं सांगितलं. बाटली, कॅन, तुझी आण. तिनं मध्ये एकदाही "अरे रे" म्हटलं नाही. पदरानं हात पुसत राहिली. मग म्हणाली, "तिनं तिचं काम केलं. तिचा जबाब आता कोनी बदलवू शकत नाही. तुहा तं अजून झालाच नाही."

"पन तिनं आन घातली मावशी."

"आन घालनारी पोट्टीसाठी घालून गेली. पोट्टीचा बाप आत गेला तं पोट्टीले मामा घेऊन काय करनं हाये?"

तू गेल्याच्या तिसऱ्या दिवशी बाळापूरला मन नदीवर तुझी राख पाण्यात शिरवली. पाणी गढूळ होतं, जोरात होतं, राख क्षणात गेली. काठावर सगळे हातपाय धुवून उभे होते. मोठेबाबा म्हणाले, "चला. इथूनच ठाण्यात जाऊ." आपली माणसं उठली. भाऊजींचे भाऊ पुढं झाले, आवाज चढले, कोणीतरी कोणाची कॉलर धरली. भाऊजी एका दगडावर बसलेले, जागचे हलले नाहीत.

मी म्हणालो, "पेट्रोल मी भरलं होतं."

कोणी ऐकलं नाही. परत म्हणालो, मोठ्यानं. सगळं सांगितलं. फवारणी, कॅन, कोनाडा, आरूची हाक, तू माझ्यासाठी जबाबात खोटं बोललीस ते. बोलताना मला तुझा चेहरा दिसत होता, "गप" म्हणतानाचा.

मोठेबाबांनी माझ्या कानाखाली मारली. "भेकाड लेकाचा! तेरा-चौदा दिवस आमाले याच्यावर भुंकू दिलं?" आणि मग तिथंच मटकन चिखलात बसले.

मी भाऊजींकडं पाहिलं. ते उठले, माझ्याजवळ आले. मला वाटलं तेही मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"मले माहीत होतं," ते म्हणाले.

"काय?" मी विचारलं.

"कॅन तुह्याच हाती देली होती मी. दवाखान्यात पहिल्याच दिवशी ध्यानात आलं माह्या. मी पाहून राह्यलो होतो, तू कवा सांगतं." हातांवरच्या पट्ट्यांकडं पाहिलं त्यांनी. "रोज तुह्या हातचं खात होतो न पाहून राह्यलो होतो."

ताई, तू ते भाऊजींपासून लपवलंस. भाऊजींनी कळल्याचं तुझ्यापासून लपवलं. त्यांना वाटलं असेल, तुला कळलं तर भावाचं दुःख घेऊन जाशील. तुम्ही दोघांनी मला मधे घालून एकमेकांना जपलंत, आणि मी घास भरवत बसलो.

"पोरीले भेटाले येऊ नोको सध्या," भाऊजी म्हणाले. "बलावावं वाटलं तं मीच सांगीन." आणि भावांना घेऊन चढावर निघून गेले.

मी एकटाच ठाण्यात गेलो, माझं सांगणं लिहून दिलं. जमादार म्हणाले, लागलं तर बोलावू. तेव्हापासून अनोळखी नंबर आला की मी हातातलं काम टाकून उचलतो. इथं खोलीवर गॅसची टाकी आहे, तिची नळी मी दिवसातून पाच-सहा वेळा पाहतो. मी काम करतो त्या गोदामात कोणी ग्रीसचा डबा पाण्याच्या डब्याशेजारी ठेवला तर उचलून लांब ठेवतो. सोबतचे हसतात, म्हणतात, तेरे को क्या हुआ रे. मी सांगत नाही. पण कोणत्या डब्यात काय आहे ते त्यांना शंभरदा सांगतो. ते मात्र सांगतो.

कधी कधी तुझा राग येतो ताई. तू मला वाचवलंस ते मला विचारून नाही. आणि लगेच वाटतं, अंगाची पंचेचाळीस टक्के कातडी गेलेली बाई खाटेवर पडून आपल्या पोरीच्या मामाचा हिशेब करते, माझ्यासारख्याला तेवढी जागा देते, हे कोणाच्या नशिबी येतं? मी तुझी आण मोडली. तुला राग आला असेल तर येऊ दे. पण भाऊजी आज घरी आहेत, आरूजवळ आहेत. यातलं दुसरं काही मला तुला सांगता येत नाही.

हैदराबादला परत निघालो त्या दिवशी गाडी संध्याकाळची होती, म्हणून अकोल्याला दवाखान्यात गेलो. तुझ्या खाटेवर दुसरी बाई होती. वर तोच पिंजरा. मी आत गेलो नाही. मावशी मागच्या ओट्यावर डबा उघडून बसली होती, एकटी.

"सांगितलं?"

"हो."

"मंग?"

"पोरीले भेटाले येऊ नको म्हनले. सध्या."

"सध्या म्हनले ना? कवाच येऊ नोको असं तं नाही म्हनले." तिनं डबा माझ्याकडं सरकवला. "घे, एक घास खा. गाडीत काय भेटते काय नाही."

वांग्याची भाजी होती, भाकरी होती. मी खाल्ली. ती माझ्या हाताकडं बघत राहिली, घास तोंडात जाईपर्यंत. मी म्हणालो, मावशी, तुमचे उपकार कसे फेडू? ती हसली. म्हणाली, "फेडलं आताच. माह्या हातचं कोनी खात नाही रे भाऊ. सख्ख्या बहिनीच्या घरी कार्य असलं का मले भाजी चिराले बसवत नाहीत. म्हनतेत, तुह्या हाताले वार्डाचा वास येते. दोन-दोनदा साबन लावतो मी. माह्या घरी पाहुना म्हनून कोनी जेवलाच नाही, किती वर्सं झाले."

डब्यातलं शेवटचं वांगं तिनं माझ्याकडं ढकललं, मी तेही खाल्लं.

तेरवी परवा आहे, ताई. मला निरोप आलेला नाही. येणार नाही बहुतेक. आरूचा आवाज ऐकून मला सतरा दिवस झाले. पण मी वाट पाहीन. भाऊजी दहा वर्षांनी बोलावतील तर दहा वर्षांनी जाईन. आणि ज्या दिवशी ते "ये" म्हणतील, त्या दिवशी आरूला घेऊन आधी अकोल्याला जाईन. मावशीच्या घरी सांगून-सवरून, पाहुणे म्हणून जाऊ. ती वाढेल ते जेवू, मागून घेऊन जेवू, शेजारपाजारच्यांना दिसेल असं ओसरीत बसून जेवू. मावशीला मी नुसतं "येईन" म्हणालो आहे. दोघं येऊ, हे तुला सांगतो.